टेम्पो साडूचा, सिबिल माझं

प्रश्न : मी एसटीत वाहक आहे, वय 52. मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला म्हणून 6 लाखांचं शैक्षणिक कर्ज मागायला बँकेत गेलो. साहेबांनी संगणकात बघितलं आणि म्हणाले, "सिबिल, म्हणजे कर्ज फेडण्याच्या सवयीचा स्कोअर, 612 आहे, अवघड आहे." मी आयुष्यात एकच कर्ज काढलं, घरदुरुस्तीचं, आणि ते पगारातून कापून कधीच फिटलं. कुणाचा रुपया बुडवला नाही. 2021 साली साडूच्या टेम्पोला जामीन राहिलो होतो, पण त्या टेम्पोचं भाडं काही मी खात नाही. आता एक जण 8 हजारांत सिबिल 750 करून देतो म्हणतोय. देऊ का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : 8 हजार देऊ नका, भाऊ. बाकीचं त्यानंतर बोलू.

तो माणूस काय करणार? स्कोअर ठेवणाऱ्या कंपनीकडे तुमच्या नावानं ऑनलाइन तक्रार टाकणार. ती तुम्हालाही टाकता येते, आणि फुकट. नोंद चुकीची असेल तर ती दुरुस्त होते. खरी असेल तर 8 हजार काय, 80 हजार दिले तरी पुसली जात नाही. आणि तुमची नोंद खरी असावी असा माझा अंदाज आहे.

मी बँकेच्या कर्ज विभागात 31 वर्षं काढली. जामीनदार कसा यायचा, ते अजून डोळ्यांपुढे आहे. दोन फोटो, पगाराची स्लिप, आणि कर्जदाराकडून वडापाव-चहा. आम्ही कागदांवर पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवायचो, फुली दिसेल तिथं सही. कुणी विचारलंच, "मॅडम, हे कशाचं?" तर उत्तर ठरलेलं, "फॉर्मॅलिटी आहे हो." हे मीही कितीतरी जणांना सांगितलंय. आज त्याची लाज वाटते, कारण ती फॉर्मॅलिटी नव्हतीच. भारतीय करार कायदा 1872 चा, त्याचं कलम 128 सांगतं की करारात वेगळं लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी साडूचा टेम्पो ओढून न्या, मग माझ्याकडे या, असंही तुम्हाला म्हणता येत नाही. त्यामुळे साडूनं हप्ता चुकवला की ती नोंद तुमच्या खात्यावरही चढते.

आता खात्री करून घ्या. आपल्याकडे पतमाहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मुलीला मोबाइलवर काढून द्यायला सांगा. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्यानं स्कोअर कमी होत नाही, हे आधीच सांगते, कारण या भीतीनं लोक बघतच नाहीत.

रिपोर्ट आला की 612 वर डोळे लावून बसू नका. खाली कर्जांची यादी असते. प्रत्येक कर्जापुढे मालकीचा रकाना असतो. त्यात 'गॅरंटर' लिहिलेलं खातं शोधा. त्याखाली महिन्या-महिन्याच्या चौकटी दिसतील. 000 म्हणजे हप्ता वेळेवर, 030 म्हणजे तीस दिवस उशीर, 090 म्हणजे नव्वद. साडूचा धंदा कोणत्या महिन्यात बसला, ते तिथं तुम्हाला घरातल्या कुणाहीपेक्षा स्पष्ट दिसेल.

मग साडूकडे जा. एकटे नको, बायकोला बरोबर घ्या, बहीण तिची आहे. मग तुम्ही आणि साडू मिळून फायनान्स कंपनीत जाऊन थकबाकी किती, हे लेखी घ्या. तिथला माणूस म्हणेल, "दीड लाखाचे नव्वद हजार भरा, सेटलमेंट करून टाकू." मोह होईल, पण रिपोर्टवर 'सेटल्ड' असा शब्द चढला की पुढचा प्रत्येक बँकवाला तो 'पूर्ण फेडलं नाही' असाच वाचतो. जमत असेल तर थकलेले हप्ते पूर्ण भरून कर्ज रुळावर आणा. तुम्हाला पदरचे घालावे लागले तर रोख देऊ नका. स्वतःच्या खात्यातून भरा आणि पावती जपा. जामीनदारानं भरलेले पैसे कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क कायदा देतो. साडूवर तो वापरायचा की नाही, हे तुमच्या घरातलं राजकारण, त्यात मी पडत नाही.

भरल्यावर महिन्याभरानं रिपोर्ट पुन्हा बघा. थकबाकीचा आकडा बदलला नसेल तर तक्रार टाका. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढच्या दर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. 26 एप्रिल 2024 पासून हा नियम लागू आहे. हे त्या 8 हजारवाल्याला माहीत असतं, पण तो तुम्हाला सांगणार नाही.

आणि प्रवेशाची घाई म्हणून एकदम पाच बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर उमटते आणि माणूस पैशासाठी वणवण करतोय असं दिसतं. स्कोअर चार दिवसांत उडी मारत नाही, महिने जातात. फी त्याच्या आधी भरायची आहे, म्हणून बँकेत जाऊन एवढं विचारा : सहकर्जदार म्हणून आई चालेल का? तिला स्वतःचं उत्पन्न असेल आणि ती कुणाला जामीन नसेल, तर वाट तिथून निघू शकते.

प्रश्न : मी 24 वर्षांची, पुण्यात नोकरी करते. माझा स्कोअर -1 दाखवतो. आई म्हणते क्रेडिट कार्ड म्हणजे घरात साप. काय करू?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : -1 म्हणजे वाईट नाही, कोरी पाटी. तुझ्याकडे ऐपत आहे, पत अजून कुणी नोंदवलेली नाही. 20 हजारांची एफडी करून तिच्यावर कार्ड घे. त्यावर फक्त रिचार्ज आणि किराणा, आणि बिल पूर्ण भर. 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, तेवढीच भरून उरलेलं पुढे ढकललंस तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, तिथं आईचा साप खरा ठरतो. साधारण सहा महिन्यांत स्कोअर दिसायला लागेल. कार्ड चालू असेपर्यंत ती एफडी मोडता येत नाही, हे मात्र आईला आजच सांगून ठेव.