गुन्हे गरिबीमुळेच होतात का? समाजशास्त्र काय सांगतं?

नाही, नुसत्या गरिबीमुळं नाही. एमएला समाजशास्त्र होतं माझं, पण हे मला खरं कळलं ते तासगावकडं आमच्या द्राक्षबागेत.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली. आमचे तात्या (चुलते) सकाळीच चौकीत, म्हणे माळावर पालं पडलीत तिथलीच पोरं असणार. पुरावा काय तर ते पारधी. दोन पोरांना दिवसभर बसवून ठेवलं, केबल काय मिळाली नाही. त्याच आठवड्यात व्यापारी आला, पांढरी कापडं, स्कॉर्पिओ, तात्यांच्या पाया पडला. पाऊण एकराचा प्लॉट, चार किलोच्या १४०० पेट्या, १६० रुपये दर, इसार ५० हजार रोख. राहिलेले १ लाख ७४ हजार सोमवारी आरटीजीएस करतो म्हणाला आणि मंगळवारपासून फोन बंद. तेव्हा आमचे तात्या काय म्हणाले असतील? "धंद्यात अडचणीत आला आसंल बिचारा." केबल किती रुपयांची होती हे मी मुद्दामच लिहीत नाही.

तर सदरलँड नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९३९ मध्ये हेच मांडलं होतं, की नुसत्या गरिबीवर बोट ठेवलं तर कोटातल्या माणसाचे गुन्हे हिशेबातच येत नाहीत, आणि गुन्हा माणूस संगतीत शिकतो, शिवणकाम शिकावं तसा. दुसरा समाजशास्त्रज्ञ मर्टन म्हणतो की पैसा मिळवा हे स्वप्न सगळ्यांना दाखवायचं आणि सरळ वाट थोड्यांनाच ठेवायची, मग काही जण आडवाट धरणारच. आणि तिसरा, बेकर, सांगतो शिक्क्याचं, एखाद्याला गुन्हेगार म्हणत राहिलं की पुढं त्याला दुसरं कोणी कामच देत नाही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या, तो १९५२ ला रद्द झाला, आमच्या तात्यांना अजून कळवलेलं नाही कुणी.

आता गरिबीचा काहीच संबंध नाही असंही नाही हां, केबल पोटासाठीच गेली असेल, कुणास ठाऊक. पण तुम्ही परीक्षेसाठी विचारत असाल तर एकच कारण लिहू नका.

यंदा मी घरात सांगून टाकलंय, पैसे खात्यावर दिसल्याशिवाय बागेत कात्री लावायची नाही. आणि केबल परत गेली तर तात्यांनी चौकीत एकट्यानं जावं, गाडी मी काढणार नाही.