मिगमधला लहान आय

प्रश्न असा आला आहे: इंग्रजी मजकुरात ‘मिग’ या लढाऊ विमानाचं नाव लिहिताना तिन्ही अक्षरं कॅपिटल घ्यायची, की मधला आय लहान ठेवायचा? आणि मिग-२९च्या आधी ‘मिकोयान-गुरेविच’ लिहायचं, की नुसतं ‘मिकोयान’?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. एम कॅपिटल, आय स्मॉल, जी कॅपिटल. हा आय म्हणजे रशियन भाषेतलं ‘इ’, आपलं ‘आणि’. आर्तेम मिकोयान आणि मिखाईल गुरेविच यांचा डिझाइन ब्युरो, म्हणजे विमानांचे आराखडे करणारी संस्था, १९३९ साली मॉस्कोत सुरू झाला. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरं घेतली आणि मधलं उभयान्वयी अव्ययही तसंच राहू दिलं. रशियन लिपीतही ते अक्षर लहानच काढतात, त्यामुळे ही इंग्रजीवाल्यांची टूम नव्हे. तिन्ही अक्षरं कॅपिटल केली, की हा आय कुण्या तिसऱ्या भागीदाराचा वाटू लागतो.

खरंच तिघं भागीदार असले तर काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. १९४०च्या अखेरीस सोव्हिएत विमानांना त्यांच्या कर्त्यांची नावं द्यायचं ठरलं. त्याआधी लढाऊ विमानाला ‘इस्त्रेबितेल’ (लढाऊ विमान) या रशियन शब्दावरून नुसतं ‘इ’ आणि पुढे आकडा असे. मिग-१ हेही आधी इ-२०० होतं. याच बदलात लावोच्किन, गोर्बुनोव आणि गुदकोव या तिघांच्या विमानाचं नाव लागग-३ झालं. इंग्रजीत ते एल कॅपिटल, ए स्मॉल आणि पुढचे दोन्ही जी कॅपिटल असं लिहितात. इथला लहान ए मात्र ‘आणि’ नव्हे, लावोच्किनमधलंच दुसरं अक्षर.

हाच नियम सुखोई, तुपोलेव, आंतोनोव या इतर विमानकर्त्यांना लागू. आडनावाची पहिली दोन अक्षरं, त्यातलं पहिलं मोठं, दुसरं लहान. त्यामुळे सुखोई-३०च्या इंग्रजी नावात एस आणि यू दोन्ही कॅपिटल छापणंही चूकच. सगळ्यात हाल इल्युशिनचे होतात. कॅपिटल आय आणि स्मॉल एल बऱ्याच टाइपांमध्ये जुळ्या भावांसारखे दिसतात, मग मुद्रितशोधक वैतागून दोन्ही कॅपिटल करून टाकतो. तिथूनच मराठीत ‘आयएल-७६’ आलं असावं. ते इल्युशिनचं ‘इल’ आहे हो!

तिन्ही कॅपिटल अक्षरांचा मिगही अस्तित्वात आहे, पण तो वर्कशॉपमध्ये सापडेल. मिग वेल्डिंगमधला मिग म्हणजे मेटल इनर्ट गॅस, तिथे प्रत्येक अक्षर एकेका शब्दाचं. नाशिकजवळ ओझरला एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) या सरकारी कंपनीच्या कारखान्यात मिग विमानं बनली, म्हणून त्या भागाबद्दल इंग्रजीत लिहिताना हा फरक जपलेला बरा.

आकड्याआधी संयोगचिन्ह हवं, अनेकवचनाचा एस लहान आणि ॲपॉस्ट्रॉफीशिवाय. नावाआधी इंग्रजी आर्टिकल ‘अ’ लावायचं, ‘ॲन’ नाही, कारण हे नाव आपण सुटी अक्षरं न उच्चारता एका शब्दासारखं म्हणतो. मिग-२१बिस या मिग-२१च्या सुधारित प्रकाराच्या नावातलं ‘बिस’ लॅटिन आहे, अर्थ ‘दुसऱ्यांदा’. त्याची तिन्ही अक्षरं लहान ठेवावीत. कॅपिटल केली तर विमानावर भारतीय मानक ब्युरोचा (बीआयएस) शिक्का बसल्यासारखं दिसतं.

आता दुसरा प्रश्न. गुरेविच १९६४मध्ये निवृत्त झाले. मिग-२५ हे त्यांचा हात लागलेलं शेवटचं विमान मानतात. मिग-२९चं पहिलं उड्डाण झालं १९७७ साली, म्हणून इंग्रजी संदर्भग्रंथांत बहुधा ‘मिकोयान-गुरेविच मिग-२१’ पण ‘मिकोयान मिग-२९’ असा भेद दिसतो. आता मिकोयानही १९७०मध्येच वारले होते, मग त्यांचं नाव का? तर ब्युरो त्यांच्या नावाने चालू राहिला म्हणून. गंमत म्हणजे कर्त्यांच्या यादीतून गुरेविच गेले, तरी विमानाच्या नावातला त्यांचा जी आजही शाबूत आहे.

संदर्भग्रंथासाठी लिहीत असाल तर हा भेद पाळा. बातमीत किंवा लेखात मात्र मी आधीचं नाव गाळूनच टाकीन. ‘मिकोयान-गुरेविच मिग’ म्हणजे तीच दोन आडनावं दोनदा सांगणं झालं. नुसतं मिग-२१ किंवा मिग-२९ पुरे.