खुब्याचं हाड मोडलेल्या आजींना ऑपरेशनआधी 'ब्लॉक' दिला तर पाय लुळा पडेल का?

आजी 82 वर्षांच्या, बाथरूममध्ये पडून खुबा मोडला, ऑपरेशन परवा आहे आणि तोवर जांघेत 'ब्लॉक', म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शन, देऊ असं डॉक्टर म्हणताहेत. पाय कायमचा जाईल, ही तुमची भीती. मी भूलतज्ज्ञ आहे. पाय काही तास जड आणि बधिर होतो, औषध उतरलं की पहिल्यासारखा. नसेला कायमची इजा होणं फार विरळा. मी तर म्हणेन, द्याच.

खुबा मोडलेला पेशंट निपचित पडलेला दिसला की नातेवाइकांना वाटतं, दुखणं आटोक्यात आहे. बेडपॅन सरकवायची वेळ आली की खरं कळतं. पडून असताना पॅरासिटामॉल पुरतं, हलवताना नाही पुरत. ट्रामाडॉल, मॉर्फिन वाढवावं तर या वयात मळमळ, बद्धकोष्ठ आणि रात्रीचा भ्रम. आजी घरच्यांना ओळखत नाहीत, सलाइन उपसून टाकतात. ब्लॉक दिलेल्यांमध्ये हा भ्रम कमी दिसतो.

जांघेवर जेल लावून सोनोग्राफीचा प्रोब टेकवला की पडद्यावर आधी मांडीची रोहिणी ठोके देताना दिसते. तिच्या बाहेरच्या अंगाला नस, आणि स्नायूवर ताणलेली एक पांढरी रेघ, म्हणजे फॅशिया इलियाका हा स्नायूवरचा पातळ पडदा. सुईचं टोक रेघेखाली असेल तर औषध सोडताच ती वर उचलली जाते आणि खाली काळा पट्टा पसरतो. पट्टा दिसला नाही तर मी सुई सरकवतो, औषध ढकलत नाही. साधारण 30 मिलि पातळ रोपिवाकेन किंवा बुपिवाकेन (बधिर करणारी औषधं), वजन बघून. अर्ध्या तासात फरक पडतो. दुखणं शून्य होत नाही, पण कूस बदलता येते. ऑपरेशनच्या दिवशी पाठीत इंजेक्शन द्यायला बसवतानाही सोपं जातं.

सोनोग्राफीशिवायही ब्लॉक देतात, सुईला दोनदा 'टक्' जाणवतं त्या अंदाजाने. आपल्याकडे भूल देण्यापुरतं असलं तरी सोनोग्राफी मशीन 1994 च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदवावं लागतं, त्यामुळे छोट्या हॉस्पिटलात ते वॉर्डात सहज फिरवता येत नाही. शक्य असेल तर सोनोग्राफीनेच मागा.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा. इंजेक्शननंतर जिभेला मुंग्या आल्या किंवा कानात आवाज आला, तर आजींनी लगेच बोलायचं. (गुडघ्याखालचं हाड मोडलं असेल तर मी सर्जनला विचारल्याशिवाय ब्लॉक देत नाही. आत सूज कोंडून रक्तपुरवठा तुटायला लागला, तर वाढतं दुखणं हीच पहिली खूण असते आणि ती झाकली जाऊ शकते.)

एका इंजेक्शनचा असर बहुधा 8 ते 12 तास, कधी थोडा जास्त. तुमचं ऑपरेशन परवा आहे. तेव्हा पुन्हा देणार का, की औषध देत राहायला बारीक नळी ठेवणार, हे आजच विचारून घ्या.