अँबॅसिडरच्या गिअरबॉक्समधून ऑइल गळतंय, सील बदललं तरी थांबत नाही. गिअरबॉक्स उतरवू का?

लगेच उतरवू नका. तुम्ही लिहिलंय की 1978ची मार्क 3 आहे, मागचं सील बदललं की थोडे दिवस बरं आणि परत डाग, आणि मिस्त्री म्हणतो "जुनी गाडी आहे, गळणारच". हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही, कारण आमच्या घरात याच वाक्यावरून माझं आणि दादाचं कैक वर्षं वाजलंय.

आबांची पण मार्क 3च. दादाचं ठरलेलं म्हणणं, अँबॅसिडर गळतेय म्हणजे आत ऑइल आहे, गळायची थांबली की काळजी कर. सगळे हसायचे, मला ते कधीच पटलं नाही. मॉरिस ऑक्सफर्डवरून केलेली गाडी, उत्तरपाड्याच्या कारखान्यात 2014 पर्यंत बनत होती, ती काय गळण्यासाठी बनवली होती का? आणि गळलेलं ऑइल रस्त्यावर पडतं, मागून येणारा टूव्हीलरवाला घसरतो, त्याचं काय?

आमचा मिस्त्री सीलवर सील बसवत गेला, दरवेळी "आधीचं डुप्लिकेट होतं". शेवटी मीच गाडी ठोकळ्यांवर घेतली, खालचा सगळा चिखल-ऑइलचा थर डिझेल आणि ब्रशने धुतला, पुसून कोरडा केला, कोल्हापुरातच रंकाळ्यापर्यंत एक चक्कर मारली आणि परत खाली शिरलो. टेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सच्या मागच्या आवरणाच्या) टोकाला, जिथे प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा, यॉक (पुढचं नळीसारखं टोक) आत जातो तिथे ओल, आणि बरोबर त्याच्या वर पत्र्यावर ऑइलचा आडवा पट्टा, फिरत्या यॉकने फेकलेला. मग यॉक मुठीत धरून वर-खाली हलवला तर टक टक आवाज. सीलच्या आत बुश (धातूची बांगडीसारखी नळी) असतो, यॉक त्याच्यात फिरतो, बुश झिजला की यॉक डुलतो आणि सीलची कड एका बाजूला दाबली जाते, दुसरीकडे फट. तिथे कितीही भारी सील घाला, टिकणार नाही. हे मी मिस्त्रीला आधीपासून सांगत होतो, दादा म्हणायचा त्याला शिकवू नकोस.

उद्यमनगरात एका लेथवाल्याने गनमेटलचा बुश केला, दाबून बसवला आणि मग यॉकच्या मापाने आतून बोअर मारला. यॉकवर जुन्या सीलने घासून पाडलेली रेघ होती, नखाला लागणारी, म्हणून नवीन सील त्या रेघेवर येणार नाही असं किंचित पुढेमागे बसवलं. गळती बंद. दादा अजूनही म्हणतो योगायोग.

तर आधी धुवा, मग बघा, मग यॉक हलवा. डाग जिथे पडतो तिथूनच गळतं असं नसतं, चालत्या गाडीत वाऱ्याने ऑइल मागे मागे सरकतं. स्पीडोमीटरच्या केबलचा जोडही बघा, तिथून झिरपलेलं पण टेलला येऊन थेंबतं. आणि लेव्हल सपाट जागेवर फिलर प्लगपर्यंतच (ऑइल भरायच्या भोकाच्या बुचापर्यंत) ठेवा, "थोडं जास्त असू दे" म्हणून भरलेलं मागूनच बाहेर येतं.

हां, यॉक घट्ट असेल आणि ओल पुढे बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं क्लचचं आवरण) खालच्या भोकातून येत असेल तर गोष्ट वेगळी. ते इंजिनचं ऑइलही असू शकतं, काळं असेल तर बहुतेक तेच, पण कुणी गिअरबॉक्समध्येही इंजिन ऑइलच भरलं असेल तर वासावरून ओळखता येत नाही. या जुन्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिनाला मागच्या मेन बेअरिंगला रबरी सील नाही, क्रँकवर (इंजिनच्या फिरत्या मुख्य दांड्यावर) कोरलेल्या आट्या ऑइल परत आत ओढतात, त्यामुळे तिथून थोडी ओल चालते, फार आलं तर आधी इंजिनचा ब्रीदर (आतला दाब बाहेर सोडणारी नळी) तुंबलाय का बघा. ते ऑइल लागून क्लच घसरायला लागला असेल तर मात्र गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका.

लेथवाल्याकडे जाताना यॉक न्यायला विसरू नका, नुसत्या हाउसिंगवरून बुशचं माप घेणारा असेल तर दुसरा लेथवाला शोधा.