‘डाउट’च्या पोटातले दोन
विचारणा अशी: ‘सर, आय हॅव अ डाउट’ म्हटलं की इंग्रजीचे जाणकार हसतात, ते का? आणि डाउट व सस्पेक्ट यांत फरक काय?

हसू नये, पण वापर चुकतो खरा. तास संपत आला की हात वर होतो, ‘सर, डाउट!’, आणि विचारायचं असतं काय, तर परीक्षा किती तारखेला. हा प्रश्न झाला. डाउटला मनात निदान दोन बाजू लागतात: हे की ते, खरं की खोटं. मी उगाच ताणत नाही, शब्दाच्या पोटातच ‘दोन’ आहे. लॅटिनमध्ये ‘दुओ’ म्हणजे दोन. त्याच घरातला ‘दुबिउस’, म्हणजे दोहोंत अडकलेला. मग ‘दुबितारे’ हे क्रियापद, आणि ते फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत. जर्मन माणूस शंकेला ‘त्स्वायफेल’ म्हणतो, त्यातला ‘त्स्वाय’ म्हणजेही दोनच. आपलं मन द्विधा होतं, दुमत होतं. आणि सगळ्यांत गोड म्हणजे अमरकोशात संशय, संदेह यांच्या पंगतीला चक्क ‘द्वापर’ बसलाय! युगाचं नाव म्हणून आपण पाठ केलेला शब्द. फाशांच्या खेळात तो दोनाचं दान, आणि अर्थ संशय.

यावरून ‘बघा, लॅटिन संस्कृतातूनच निघाली’ असं कुणी म्हणू नये. द्वि आणि दुओ बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत. तसंच स्पेलिंगमधला ‘बी’ पूर्वी उच्चारत असत आणि आळसाने गळला, असं शिकवणाऱ्यांचंही मला मुळीच पटत नाही. इंग्रजीत शब्द आला तोच ‘बी’शिवाय. लॅटिनची आठवण राहावी म्हणून पंडितांनी तो मागाहून घुसडला. ‘डेट’ म्हणजे कर्ज, त्यातही तसाच. १५९८ साली छापलेल्या शेक्सपिअरच्या एका नाटकात तर असा ‘बी’ न उच्चारणाऱ्यांवर चिडणारा पंतोजीच आहे.

मग आपल्याकडे डाउट प्रश्नाच्या जागी कसा बसला? माझ्या मते ‘शंका’मुळे. शिष्य शंका विचारतो, गुरू शंकासमाधान करतो. त्या शंकेवर इंग्रजी अंगरखा चढवला की झाला डाउट. दोघांचा स्वभावही जुळतो. संस्कृतात शंका म्हणजे भीतीसुद्धा, म्हणून निःशंक म्हणजे निर्भय. जुन्या फ्रेंचमध्येही हा शब्द भिण्यासाठी होता, म्हणून ‘रिडाउटेबल’ म्हणजे ज्याचा धाक वाटावा असा.

हां, सस्पेक्ट राहिलंच. ‘आय डाउट ही इज इल’ म्हणजे तो आजारी असेल असं मला वाटत नाही. ‘आय सस्पेक्ट ही इज इल’ म्हणजे आजारी असावा असं वाटतं. मराठीत दोन्हींकडे शंकाच येते, तिथेच गफलत होते. आणि परीक्षेची तारीख विचारताना ‘क्वेश्चन’ म्हणा.