वाचक विचारतात : टायर आतून खातोय, चाक तिरकं दिसतंय

प्रश्न : माझ्या हॅचबॅकच्या पुढच्या डाव्या टायरची आतली कड पार तारा दिसेपर्यंत घासली आहे, बाहेरची नक्षी मात्र चांगली आहे. अलाइनमेंटवाला म्हणतो, 'कॅम्बर आउट आहे, जॅक लावून सरळ करून देतो.' करून घ्यावं का? (सांगली)

उत्तर : लगेच नको. आधी मशीनवरच्या आकड्यांची प्रिंट मागून घ्या.

गाडीच्या समोरून पाहताना चाक उभ्या रेषेपासून जितकं कललेलं दिसतं, तो त्याचा कॅम्बर. वरची कड गाडीच्या आत गेली असेल तर उणे, बाहेर आली असेल तर अधिक. बऱ्याच हॅचबॅकच्या पुढच्या चाकांना कंपनीच शून्य ते उणे 1 अंशाच्या आसपास कल ठेवते. त्याचा उपयोग वळणावर होतो. वळताना बॉडी बाहेरच्या बाजूला झुकते, भार बाहेरच्या चाकावर येतो आणि तेही तिच्याबरोबर बाहेर कलू लागतं. आधी थोडं आत कललेलं असलं तर नेमक्या त्या वेळी टायरचा सगळा पट्टा रस्त्याला टेकतो. एवढ्या कलानं आतली कड किंचित लवकर झिजेल, पण तारा दिसणार नाहीत.

प्रिंट वाचताना एक चूक हमखास होते. 0°30' म्हणजे अर्धा अंश, 0.30 अंश नव्हे, कारण एका अंशात 60 मिनिटं असतात. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर संशय घ्यायला जागा आहे. उजवीकडे उणे 0°20' आणि डावीकडे उणे 1°50' असा आकडा आला तर डावीकडे काहीतरी वाकलंय किंवा सैल झालंय असंच धरून चाला. खड्ड्यात जोरात आदळलेल्या गाडीत हे नेहमीचं आहे.

नेमकं काय, हे शोधायला त्याच प्रिंटवरचा एसएआयचा आकडा उपयोगी पडतो. चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो समोरून पाहताना उभ्या रेषेपासून जितका आत कललेला असतो, तो एसएआय. दोन्ही बाजूंना एसएआय आणि कॅम्बर यांची चिन्हासकट बेरीज करा. बेरीज वेगळी आली तर स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपचा उभा खांब) किंवा नकल (चाकाचं बेअरिंग धरणारा भाग) वाकलेला असण्याची शक्यता मोठी. बेरीज सारखी, पण दोन्ही आकडे वेगवेगळे असतील तर लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा) वाकलाय किंवा क्रॉसमेंबर (हे आर्म ज्याला जोडलेले असतात ती आडवी चौकट) सरकलाय का ते पाहा. शिवाय चाक जॅकवर उचलून टायर वर आणि खाली धरून हलवून पाहा. खडखड लागली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (आर्म आणि नकल जोडणारा गोल सांधा) गेलेला आहे. लोअर आर्मचे रबरी बुश फाटलेत का, तेही टॉर्च लावून बघा.

आता जॅकबद्दल. हायड्रॉलिक जॅकनं स्ट्रटवर दाब देऊन मशीनवरचा आकडा हिरवा, म्हणजे मर्यादेत, करता येतो, यात शंका नाही. पण मूळ वाकलेला भाग तसाच राहतो, वर चांगला भाग वाकवला जातो आणि रॉडवर ताण पडून शॉकअपचं सील गळू लागू शकतं. मोडकी वस्तू बदलणं हाच उपाय. सगळे भाग धड असूनही थोडा फरक उरला तर स्ट्रट आणि नकल जोडणाऱ्या दोन बोल्टपैकी वरच्या जागी कॅम्बर बोल्ट बसवता येतो; त्यातून साधारण एक-दीड अंशाची सोय होते. कॅम्बर हलवला की टो (वरून पाहताना चाकं पुढे आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप) बिघडतो, म्हणून टो सगळ्यात शेवटी लावून घ्या.

टो चुकला तरी टायर आतून खातो, हेही लक्षात असू द्या. नक्षीवरून तळहात आडवा फिरवा. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट फिरवताना खरखरीत लागलं तर दोष टोचा. टो बहुधा दोन्ही टायर खातो. तुमचा एकच गेलाय, म्हणून कॅम्बरवर संशय जास्त.

प्रश्न : कॅम्बर घरी मोजता येतो का? (चिपळूण)

उत्तर : अंदाज नक्की घेता येतो. टायरमधली हवा सारखी करा, स्टेअरिंग सरळ ठेवा आणि गाडी दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकला. जॅकवरून नुकत्याच उतरवलेल्या गाडीचं माप खोटं येतं, कारण सस्पेन्शन अजून बसलेलं नसतं. मग चाकावरच्या कमानीला ओळंबा अडकवा. दोरी टायरच्या तळाच्या फुगवट्याला टेकता कामा नये. दोरीपासून रिमच्या वरच्या आणि खालच्या ओठापर्यंतचं अंतर मोजा. 14 इंची रिम ओठापासून ओठापर्यंत सुमारे 39 सेंटिमीटर भरते, तेव्हा 7 मिलिमीटरचा फरक म्हणजे जवळजवळ 1 अंश. वरचं अंतर जास्त असेल तर कॅम्बर उणे.

अंगणाचा उतार मापात शिरतो. त्यासाठी गाडी उलट तोंडानं त्याच जागी उभी करून पुन्हा मोजा आणि सरासरी घ्या.

प्रश्न : स्टेअरिंग पूर्ण फिरवलं की पुढचं चाक आडवं पडल्यासारखं दिसतं. दोष आहे का? (नाशिक)

उत्तर : नाही. ही कॅस्टरची करामत. चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो मागे झुकलेला असतो, त्यामुळे वळणाच्या बाहेरचं चाक वळताना आपोआप आत कलतं. डावीकडे आणि उजवीकडे वळवल्यावर कल सारखाच दिसत असेल तर काळजी नको.

प्रश्न : लष्कराच्या टाट्रा ट्रकची चाकं वरून फाकलेली दिसतात. जुने झाल्यामुळे का? (देवळाली)

उत्तर : नव्या ट्रकचीही तशीच दिसतात. चेक कंपनी टाट्राच्या या ट्रकना मधोमध एक जाड नळी असते आणि तिच्यातून दोन्ही बाजूंना वर-खाली होणारे अर्धे ॲक्सल निघतात. ही रचना कंपनीनं 1923 मध्ये टाट्रा 11 या मोटारीत आणली. चाक अर्ध्या ॲक्सलला काटकोनात पक्कं असतं, त्यामुळे ॲक्सल कलला की चाकही कलतं. ट्रक रिकामा असला की बॉडी वर उचलली जाते, ॲक्सलची टोकं खाली झुकतात आणि चाकांच्या वरच्या कडा बाहेर येतात. माल भरला की ती सरळ होतात. असा ट्रक बराच काळ रिकामाच पळवला तर टायर बाहेरच्या कडेनं खातो.