पहिल्यांदा येतोयस ना? मग एवढं ऐक

अरे, आधी घाबरणं सोड. आपला प्राइड, म्हणजे आपल्या गे, लेस्बियन, ट्रान्स लोकांचा मेळावा, नागपूरच्या परेडसारखा मोठा नाही. शेतातल्या शेडमध्ये चाळीस-पन्नास जण, डफडं, झुणका-भाकर अन् सहा रंगांच्या ओढण्या शिवून केलेला झेंडा. त्यातली जांभळी ओढणी माझ्या बहिणीची, अजून मागते.

नवखे हमखास चुकतात ते फोटोत. स्टेटसला टाकलेला सेल्फी संध्याकाळपर्यंत गावच्या ग्रुपवर पोचतो, अन् मागं उभ्या असलेल्याच्या घरी रात्री पंचायत भरते. पहिल्या वर्षी माझ्याच हातून झालं हे. तो पोरगा परत आला नाही. विचारल्याशिवाय फोटो नाही, बस.

बाकी थोडकं:
- शेवटची एसटी किती वाजता, ते आधी बघ.
- साडी, नथ पिशवीत आण, इथं येऊन नेस.
- कुणाला 'खरं नाव काय?' विचारू नको.

कुणी कलम ३७७ काढलं, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ते जुनं कलम, तर ६ सप्टेंबर २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांग: प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्हा नाहीत. पोलीस आले तर मात्र कार्यक्रम बघणाऱ्या ताईला बोलू दे, परवानगीचा कागद तिच्याकडं असतो.

नाचता येत नाही म्हणालास. इथं कोणाला येतं बाप्पा!